पुलावर टोल लागणार म्हणतायत? मग नाक्याचं छत चढायच्या आधी हे उरकून घ्या

आमच्याकडे नदीवर नवीन चौपदरी पूल झाला, जुना दगडी पूल दर पावसाळ्यात दोन-चार दिवस पाण्याखाली असायचा त्यामुळे लोक खूश, नारळ फुटला, पेढे वाटले, फ्लेक्स लागले, आणि दोनेक महिन्यांनी बघतो तर पुलाच्या अलीकडे भर रस्त्यात खड्डे घेतायत. मुकादमाला विचारलं तर म्हणाला काय माहीत नाय दादा, कॅनॉपीचं फाउंडेशन आहे म्हणाले. कॅनॉपी म्हणजे टोलनाक्याचं छत. आम्हाला टोलची बातमी अशी कळली. गावाचं नाव देत नाही कारण बोलणी अजून चालूयत, पण गेल्या दीड वर्षात जे धक्के खाऊन शिकलो ते लिहून ठेवतोय, कारण आता शेजारच्या तालुक्यातून पण फोन यायला लागलेत की तुम्ही नेमकं काय केलं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. पूर्वी टोलविरोध म्हणजे गाडी नाक्यावर उभी करायची, काच खाली करायची, पोराशी हुज्जत घालायची, मागे रांग लागली की तोच कंटाळून सोडायचा. ते दिवस गेले. फेब्रुवारी २०२१ पासून नॅशनल हायवेवर फास्टॅग सक्तीचा झाला, आता तुम्ही आत घोषणा देत बसलात तरी काचेवरचा स्टिकर गुपचूप पैसे देऊन मोकळा होतो. म्हणून लढायचं तर टोल कागदावर असताना. एकदा मशीन टीक टीक करायला लागलं की सरकारला तो बंद करायला कंपनीची भरपाई द्यावी लागते आणि मग वर्षं जातात. कोल्हापूरचं बघा, शहरातले जवळपास ५० किलोमीटर रस्ते, २२० कोटींचं काम आणि ३० वर्षं टोल असा करार, एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरेंसारखी माणसं रस्त्यावर, सगळे पक्ष एकत्र, "देणार नाही देणार नाही टोल आम्ही देणार नाही" पोराटोरांना पाठ, तरी रद्द व्हायला डिसेंबर २०१५ उजाडला, आणि भरपाई शेवटी सरकारी तिजोरीतूनच गेली म्हणजे आपल्याच खिशातून.

पूल कोणाचा ते आधी शोधा

हसू नका, आमचे पहिले तीन आठवडे यातच गेले. निवेदन घेऊन बांधकाम खात्यात गेलो, ते म्हणाले आमचा नाही, कलेक्टर ऑफिस म्हणालं रस्ते विकास महामंडळाकडे जा, आणि शेवटी निघाला केंद्राचा. सोपी खूण म्हणजे किलोमीटरचा दगड, डोकं पिवळं असेल तर नॅशनल हायवे, हिरवं असेल तर राज्य मार्ग. पण दगडावर पूर्ण विसंबू नका, बरेच रस्ते मधल्या काळात वर्ग झालेत आणि दगड रंगवायला कोणाला वेळ नाही. नॅशनल हायवे असला तरी केंद्राचं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण सांभाळतंय की आपल्याच बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग, ते पण विचारा, कारण अर्ज कुठे टाकायचा ते त्यावरच ठरतं.

हे महत्त्वाचं अशासाठी की नियमच वेगळे आहेत. नॅशनल हायवे असेल तर २००८ चे फी नियम लागतात, म्हणजे नॅशनल हायवे फी दर निश्चिती आणि वसुली नियम, त्याची प्रत काढून स्पायरल बाइंडिंग करून घ्या, आमच्या कमिटीचं ते पंचांगच झालंय. राज्याचा रस्ता असेल तर मोटार वाहन कर कायदा १९५८, कलम २० खाली अधिसूचना निघते. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी, राजपत्रात अधिसूचना नसेल तर टोल घेता येत नाही. त्यामुळे कोणी व्हॉट्सअपवर रेटकार्डाचा फोटो टाकला की पहिला प्रश्न हाच, अधिसूचना कुठाय. अफवा फार फिरतात, जून २०२५ मध्ये टू-व्हीलरला पण टोल लागणार अशी बातमी देशभर पळाली आणि गडकरींना स्वतः खुलासा करावा लागला. आमच्या पहिल्या मीटिंगला अर्धे लोक याच भीतीने आले होते की दुधाची कॅन घेऊन जाणाऱ्या मोटरसायकलला पैसे पडणार. टू-व्हीलर, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडीला नॅशनल हायवेवर टोल नाही. हे मीटिंगच्या सुरवातीलाच सांगून टाका, गर्दी थोडी कमी होईल पण जे राहतील ते खऱ्या मुद्द्यावर राहतील.

माहितीचा अधिकार, पण नीट

राज्याच्या ऑफिसला अर्ज असेल तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. आमच्या एका रिटायर्ड गुरुजींनी पहिला अर्ज सव्वादोन पानी लिहिला, त्यात पुलाचा इतिहास, लोकप्रतिनिधींबद्दल मत, शेवटी कविता पण होती, तो त्याच दमात परत आला. केंद्राच्या ऑफिसला ऑनलाइन टाकता येतो, फी तेवढीच, शब्दांची मर्यादा ५००. उत्तर ३० दिवसात, नाही आलं तर पहिलं अपील, राज्यात त्याला २० रुपये, केंद्रात फुकट.

काय मागायचं ते आमच्याकडून घ्या. पुलाचा एकूण खर्च आणि त्यातला सरकारचा वाटा. कंत्राटदाराबरोबरच्या कराराची प्रत, सगळ्या जोडपत्रांसकट. वाहतुकीच्या मोजणीचा अहवाल आणि ती कुठल्या तारखांना केली. टोलप्लाझाची जागा कुठल्या चेनेजला, म्हणजे रस्त्याच्या कितव्या किलोमीटरला, आणि ती ठरवताना काय कारण नोंदवलं. आणि पुलाची लांबी वसुलीसाठी किती धरली. "टोल का लावता" असा प्रश्न विचारू नका, का ला उत्तर देत नाहीत, कागद मागा.

करार मिळाला की त्यातला वसुलीचा फॉर्म्युला शोधा, सगळी गंमत तिथे असते. दिल्ली-नोएडाचा डीएनडी पूल आठवा, यमुनेवरचा, २००१ ला सुरू झालेला. त्याच्या करारात कंपनीला २० टक्के परताव्याची हमी होती आणि वसूल न झालेली रक्कम परत खर्चातच मिळवायची सोय होती, म्हणजे गाड्या वाढल्या तरी कर्ज फिटायच्या ऐवजी फुगत चाललेलं, टोल कधी संपणारच नाही असं गणित. तिथल्या सोसायट्यांच्या फेडरेशनने २०१२ ला जनहित याचिका टाकली, अलाहाबाद हायकोर्टाने २६ ऑक्टोबर २०१६ ला टोल बंद केला, आणि सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ ला त्यावर शिक्कामोर्तब केलं. जाळपोळ नाही, काचा फोडणं नाही, सगळा लढा एका कलमाभोवती. आमच्याकडे एक बँकेतून रिटायर झालेले काका आहेत, त्यांना तो करार वाचायला दिला, तीन दिवस चष्मा पुसत बसले आणि चौथ्या दिवशी पेन्सिलने सात ठिकाणी गोल करून आणले. असा एक माणूस शोधाच, वकील नंतर.

पुलाच्या लांबीचं प्रकरण पण समजून घ्या, हे बहुतेकांना माहीत नसतं. नॅशनल हायवेवर पूल, बोगदा, उड्डाणपूल असेल तर त्याची लांबी दहापट धरून टोल काढायचे, म्हणजे २ किलोमीटरचा पूल २० किलोमीटर रस्त्याइतका. जुलै २०२५ मध्ये बदल झाला, आता एक तर पुलाची दहापट अधिक उरलेला रस्ता, नाहीतर सगळ्या टप्प्याची पाचपट, यातलं जे कमी ते. पेपरात "टोल ५० टक्क्यांनी कमी" अशी हेडलाइन आली होती ती हीच. पण कागदावर मांडून बघा, ४० किलोमीटरचा टप्पा आणि त्यात २ किलोमीटर पूल असेल तर दहापटीने ५८ होतात आणि पाचपटीने २००, म्हणजे तुम्हाला ५८ च लागणार, फायदा शून्य. फायदा व्हायला टप्प्यातला निम्म्याच्या आसपास भाग पुलाचाच पाहिजे. आणि जोडरस्त्याचा भराव पुलाच्या लांबीत घुसवलाय का ते ड्रॉइंगवरून तपासा.

गाड्या मोजा, स्वतः मोजा

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण आमचं जे काही वजन पडलं ते याच्यामुळे. २०१२ ला मनसेच्या पोरांनी राज्यभर टोलनाक्यांवर बसून गाड्या मोजल्या होत्या, तेव्हा लोक हसले होते, पण कंपनी सांगते तेवढ्याच गाड्या जातात का हा प्रश्न तेव्हापासून गेलाच नाही.

आम्ही पुलाच्या टोकाला चहाच्या टपरीत टेबल टाकलं. कॉलेजची बारा पोरं, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, प्रत्येक पाळीला चार, दोन जाणाऱ्या बाजूला दोन येणाऱ्या. सात दिवस सलग, चोवीस तास, कारण सरकारी मोजणी पण अशीच असते आणि तुम्ही फक्त बाजाराच्या दिवशी मोजलंत तर साहेब पहिल्याच मिनिटाला पकडणार. शंभर पानी वही, प्रत्येक पानाला पाच रकाने आखलेले, कार-जीप, छोटा टेम्पो, बस-ट्रक, मल्टीअ‍ॅक्सल, आणि टोल नसलेल्या गाड्या. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, तासाला पान बदलायचं, पानावर वेळ आणि मोजणाऱ्याची सही. मोबाइलवर अ‍ॅप आहे वगैरे पोरं म्हणाली, एका रात्री चार्जिंग गेलं आणि तीन तासांचा डेटा उडाला, मग गपगुमान वही. सोबत एक मोबाइल स्टँडवर लावून दर तासाला पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, पडताळणीला कामाला येतो.

आणखी एक रकाना आम्ही मधेच वाढवला आणि तोच हुकमी निघाला, गाडी लोकल आहे का. आपल्या जिल्ह्याची पासिंग दिसली की बाजूला टिंब. आठवड्याच्या शेवटी दिसलं की पुलावरच्या कार-जीपमध्ये निम्म्याहून जास्त टिंबं आहेत, म्हणजे हा हायवे कमी आणि आमचा बाजाररस्ता जास्त. ग्रामीण रुग्णालय, कोर्ट, तहसील पलीकडे, शाळा आणि मार्केट यार्ड अलीकडे. त्या वहीची झेरॉक्स टेबलावर ठेवली तेव्हा इतके दिवस "वरून आदेश आहेत" म्हणणाऱ्या साहेबांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली.

अंतर कुठून कुठे

२००८ च्या नियमांत नियम ८ आहे. नगरपालिका किंवा शहराच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत टोलप्लाझा नको, कारण लेखी नोंदवून ५ पर्यंत आणता येतो, आणि एकाच रस्त्यावर त्याच दिशेला दोन प्लाझांमध्ये ६० किलोमीटर पाहिजेत, त्यालाही अपवाद. लोक इथे घोळ घालतात, एसटी स्टँडपासून गुगल मॅपवर मोजतात. हद्दीपासून मोजायचं, स्टँडपासून नाही, आणि हद्दीचा नकाशा नगरपालिकेत विकास आराखड्यासोबत मिळतो, त्यावर शिक्का घ्या. आता वाईट बातमी. याच नियमात पूल, बायपास, बोगद्यासाठी पळवाट आहे, की तो मुख्यतः त्या शहरातल्या रहिवाशांच्या वापरासाठी असेल तर प्लाझा हद्दीत किंवा ५ किलोमीटरच्या आतही चालतो. म्हणजे आमची ती टिंबंटिंबं उलटी पण फिरू शकतात, "बघा तुम्हीच वापरता". आम्हाला हे वकिलांनी सांगितलं तेव्हा दोन मिनिटं सगळे गप्प. त्यामुळे कुठला मुद्दा कुठे मांडायचा ते आधी ठरवा, लोकल सूट मागताना टिंबं, जागेवर भांडताना अंतर आणि नोंदवलेलं कारण.

मागायचं काय ते एकदाच ठरवा

पहिल्याच मीटिंगला तीन गट पडतात. एक म्हणतो टोल रद्दच, दुसरा म्हणतो जागा बदला, तिसरा म्हणतो आपल्या पासिंगला माफ करा मग चालू दे. सिंधुदुर्गात ओसरगावच्या नाक्यावर एमएच ०७ ला पूर्ण माफी हीच मागणी धरून लोक बसले. यात चूक काही नाही पण परिणाम माहीत असू द्या, कारवाल्यांना माफी मिळाली की कारवाले घरी जातात आणि भाजीचा टेम्पो, वडाप, एसटी एकटी पडते. मुंबईत तेच झालं ना, ५५ उड्डाणपुलांच्या खर्चापोटी पाच एन्ट्री पॉइंटला टोल होता, कारला ४५ रुपये, १४ ऑक्टोबर २०२४ ला कॅबिनेटने हलक्या वाहनांना माफ केला आणि त्याच मध्यरात्रीपासून अंमल, दुसऱ्या दिवशी विधानसभेची आचारसंहिता. जड गाड्या भरतायतच. (निवडणुकीचं कॅलेंडर भिंतीवर लावा, एवढंच म्हणतो.)

साहेब लोक तुम्हाला पास दाखवतील, म्हणून पासचं गणित तोंडपाठ पाहिजे. प्लाझापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खाजगी गाडीला महिन्याचा लोकल पास, २०२५-२६ ला ३५० रुपये. पिवळ्या नंबरप्लेटला नाही. जिल्ह्यात नोंद असलेल्या कमर्शियल गाडीला निम्मा दर, नॅशनल परमिट नसेल तर. १५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पास आलाय, सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत २०० ट्रिप, हायवेने फिरणाऱ्याला मस्त, पण रोज पूल ओलांडून जाऊन येणाऱ्याचे २०० ट्रिप १०० दिवसात संपतात, आणि राज्याच्या टोलला तो चालत नाही. पास नसेल तर समजा एका फेरीला ६० रुपये, २४ तासात परत आलात तर दीडपट म्हणजे ९०, महिन्याचे २५ दिवस धरले तर २२५०. हा आकडा फळ्यावर मोठ्ठा लिहा, ज्याचा पगार १८ हजार आहे त्याला पुढचं भाषण लागत नाही.

माणसं आणि ठराव

कमिटीत सगळ्या पक्षांचे घ्या पण अध्यक्ष पक्षाचा नको, आमचे अध्यक्ष मेडिकल दुकानवाले आहेत, सगळ्यांना उधारी देतात त्यामुळे कोणी उलटं बोलत नाही. ट्रान्सपोर्टवाले, दूधसंघ, स्कूलबसवाले, रिक्षा संघटना हवेतच. नदीच्या दोन्ही काठांची गावं हवीत, एका काठचं आंदोलन झालं की दुसऱ्या काठाला वाटतं नाका त्यांच्याकडे सरकणार.

ग्रामसभेचे ठराव घ्या. कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० जण यातलं जे कमी ते, आणि तो खरोखर भरवा, सह्या नंतर गोळा करू म्हणू नका. ठरावाची नक्कल जावक नंबरासकट घ्या. निवेदन कुठेही द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. फोटो काढून देतो म्हणतात, फोटोत आमदार हसताना दिसतो, तारीख दिसत नाही.

मोर्चा आणि कोर्ट

मोर्चाची लेखी परवानगी घ्या, जमावबंदीचा आदेश चालू आहे का ते स्टेशनला विचारा, रुग्णवाहिकेला लेन मोकळी ठेवायला दहा पोरं शिट्टी देऊन उभी करा. नाका फोडू नका. कोल्हापुरात जानेवारी २०१४ ला नाके जळाले, टोल त्याने त्या आठवड्यात गेला नाही, रद्द व्हायला पुढे जवळपास दोन वर्षं लागली. हायवेच्या नुकसानीला स्वतंत्र कलम आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराचं नाव एफआयआरमध्ये आलं की त्याचं काय होतं ते त्याच्या आईला विचारा. आमच्यातला एक जण असाच तापला होता, त्याला त्या दिवशी मुद्दाम पाण्याच्या टँकरची जबाबदारी दिली.

कोर्टात जायचं तर कागद तयार ठेवून जा, आवक शिक्के, आरटीआयची उत्तरं, मोजणी, हद्दीचा नकाशा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाच हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, मुंबईचे हेलपाटे वाचले. "टोल अन्यायकारक आहे" एवढ्यावर कोर्ट फार वेळ देत नाही. काय चालतं ते केरळात दिसलं, पालियेक्कराचा टोल हायकोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये चार आठवडे थांबवला कारण रस्त्याची अवस्था आणि ट्रॅफिक जाम, सुप्रीम कोर्टाने पण हात घातला नाही. नंतर तो परत सुरू झाला, पण पैसे घेता तर रस्ता द्या हा मुद्दा टिकला. म्हणून पुलावरचे खड्डे, बंद दिवे, एक्सपान्शन जॉइंटचा (पुलाच्या सांध्याचा) धडधडाट, सगळ्याचे तारखेसकट फोटो आजपासून काढायला लागा.

आमचं सध्या कुठवर आलंय विचाराल तर खड्डे घेतलेत, छत चढलेलं नाही, जागेचा फेरविचार चालू आहे असं लेखी पत्र मिळालंय, त्यावर सही आहे पण तारीख नाही. उद्या सकाळी दोघं जण तारीख टाकून घ्यायला जाणार आहेत.